तिथी पाहून होडी सोडा : दाभोळ ते गोवळकोट, भरतीच्या पाण्याबरोबर

माझं माहेर दाभोळचं, सासर चिपळूणचं. मधे वाशिष्ठीची चाळीसेक किलोमीटर खाडी. गाडीरस्ते होण्याआधी पडाव आणि मचवे याच पाण्याने गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत चढत आणि चिपळूणच्या बाजारातला माल घेऊन उतरत. मशीन कुणाकडेच नव्हतं. शीड होतं, वल्ही होती, आणि पाणी कधी कुठे जाणार आहे याचा पक्का हिशेब होता. तो हिशेब आजही तसाच लागू पडतो. कुणाला वल्ह्याच्या होडीतून ही खाडी चढायची असेल तर तो कसा मांडायचा, ते इथे लिहिते आहे.

आमची होडी सोळा फुटी, फायबरची. दोघं वल्ह्यावर, एक जण सुकाणूवर. मागे छोटं मशीन असतं, पण ते अडचणीसाठी. शांत पाण्यात ही होडी ताशी साडेचार किलोमीटर जाते. तुमची किती जाते ते आधी मोजा. खाडीचं पाणी उधाणाला, अरुंद जागी, याच वेगाने वाहू शकतं. म्हणजे पाण्याबरोबर असाल तर दुप्पट वेग, आणि पाण्याविरुद्ध असाल तर तासभर वल्हवूनही किनाऱ्यावरचं तेच माडाचं झाड समोर. म्हणून नियोजन घड्याळापासून सुरू होत नाही, तिथीपासून होतं.

तिथीवरून घड्याळ

कोकणात जुनी माणसं पाऊणकीने भरती काढतात. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दिवसातून दोन भरत्या येतात आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे पंचमीला पावणेचार दुपारचेही आणि पहाटेचेही, थोडा फरक धरून. भरतीच्या सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी.

ही वेळ अंदाजाची आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस निवडायला पाऊणकी वापरा आणि निघण्याची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवा. भारतीय सर्वेक्षण विभाग हे तक्ते दरवर्षी काढतो. मुंबईची वेळ दाभोळला लावू नका. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून रत्नागिरी-दाभोळकडे ती मुंबईच्या आधी येते. पाण्याची उंचीही वेगळी. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या आसपास जातो, गोव्याकडे दोनेक मीटरच असतो, आपण त्या दोहोंच्या मधे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उधाण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं आणि भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराचं पाणी, अष्टमीनंतर. पाऊणकी लावून बघा : आपल्याकडे उधाणाची भरती नेहमी दुपारी बाराच्या आगेमागेच येणार, आणि भांगाची भरती नेहमी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. बारा महिने हेच. याचा अर्थ उधाणाच्या दिवसांत सगळी दुपार सुकतीची, म्हणजे उतरत्या पाण्याची असते. आणि डिसेंबर ते मे दुपारीच वायव्येचा खारा वारा सुटतो, दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यात जोरात. खाडीतून बाहेर धावणारं पाणी आणि समुद्रावरून आत येणारा वारा मुखाशी समोरासमोर भिडतात. तिथे वाळूचा दांडा आहे, पाणी उथळ आहे. लाटा लांबट राहत नाहीत, उभ्या होतात आणि जवळजवळ येतात. सकाळी ज्या जागेवरून लहान पोरं होडी नेतील, त्याच जागी तीन वाजता मोठा फायबरचा मचवासुद्धा नाक वर करून आपटतो. बाहेर लाटा मोठ्या नसतात. पाणी वाऱ्याविरुद्ध फिरलेलं असतं.

म्हणून ज्याला दाभोळहून बाहेर पडून अंजनवेलच्या बाजूने गोपाळगडाखाली जाऊन यायचं आहे, त्याने अष्टमी-नवमी धरावी. सकाळी सहा-साडेसहाला भरलेलं पाणी उतरायला लागतं, पाठीवर जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, आणि दोन्ही मिळून तुम्हाला मुखाकडे नेतात. बारानंतर पाणी आत वळतं, खारा वारासुद्धा आतच येतो. परत येताना दोन्ही पुन्हा पाठीशी. शिवाय भांग असल्यामुळे ओढ कमी. उधाणाला हाच फेरफटका मी कुणालाही सुचवणार नाही, कितीही अनुभव असला तरी.

वर गोवळकोटला जायचं तर मात्र थोडी ओढ हवी. भांगाचं पाणी तुम्हाला चाळीस किलोमीटर चढवणार नाही. माझी पसंती चतुर्थी-पंचमीला. उधाणाचा जोर ओसरलेला असतो पण पाण्यात जीव असतो, आणि वेळा उत्तम जमतात : सकाळी साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी, मग पावणेचारपर्यंत दाभोळला भरती. दुपारी वारा सुटला की तोही मागून. एकादशी-द्वादशीला भांग नुकता सरल्याने पाण्याचा जोर कमी असतो, शिवाय भरती दुपारी दोन-तीनला सुरू होऊन रात्री संपते. थंडीत सव्वासहाला सूर्य मावळतो. अंधारात जाळी दिसत नाहीत.

भरती तुमच्याबरोबर चालते

भरती ही एक लांबच लांब लाट आहे आणि तिला खाडीतून वर सरकायला वेळ लागतो. उथळ पाण्यात ती हळू जाते. सरासरी चार मीटर खोली धरली तर तिचा वेग ताशी बावीसेक किलोमीटर येतो, म्हणजे चाळीस किलोमीटरला पावणेदोन-दोन तास. दाभोळला पावणेचारला पाणी भरलं तरी गोवळकोटला ते साडेपाच-पावणेसहापर्यंत चढतच असतं.

वर जाणाऱ्याचा यात मोठा फायदा आहे. तुम्ही भरतीच्या मागोमाग निघता आणि ती तुमच्यापुढे पळत असते, त्यामुळे अनुकूल पाणी सहा तासांऐवजी आठ तासांपर्यंत मिळतं. आमचा हिशेब असा : होडीचा साडेचार, पाण्याचा सरासरी दीड ते पावणेदोन, मिळून ताशी सहा-सव्वासहा. चाळीस किलोमीटरला साडेसहा तास. दहाला निघालो तर साडेचारला धक्क्यावर, आणि तासभर भरती शिल्लक. ही शिल्लक मी कधीच खर्चात धरत नाही. जेवायला थांबायचं तर तो वेळ वेगळा मोजते.

उतरताना उलटं होतं, आणि लोक फसतात ते इथेच. दुसऱ्या दिवशी षष्ठी. दाभोळला पहाटे साडेचारच्या सुमारास भरती, गोवळकोटला सव्वासहाला. तुम्ही उजाडताना सुकतीबरोबर निघालात, पण दाभोळला पावणेअकराच्या सुमारास ओहोटी पूर्ण होऊन नवी भरती आत येऊ लागते आणि ती वाटेतच तुम्हाला भेटायला येते. पाण्याची साथ साडेचार-पाच तासांचीच. तेवढ्यात तीस किलोमीटर होतात, चाळीस होत नाहीत. शेवटचे दहा किलोमीटर भरतीविरुद्ध आणि खाऱ्या वाऱ्याविरुद्ध. म्हणून आम्ही वर जाताना सलग जातो आणि परतीला मालदोली किंवा परचुरीला थांबून दोन सुकत्यांत उतरतो. ज्यांना एवढे दिवस नाहीत त्यांनी होडी टेम्पोत घालून आणावी. त्यात कमीपणा नाही.

पाण्याची पातळी आणि पाण्याची ओढ

तक्त्यात असते ती पातळीची वेळ. ओढ वळते ती काही वेळाने. वाशिष्ठीत हा फरक जास्त जाणवतो, आणि त्याचं एक कारण सह्याद्रीपलीकडे आहे. कोयनेच्या धरणातलं पाणी पोफळीच्या डोंगरात वीज करून, कोळकेवाडीतून पुन्हा वीज करून, शेवटी चिपळूणकडे वाशिष्ठीत येतं. कोकणातल्या इतर नद्या डिसेंबरनंतर आटतात, आमची वाहत राहते. विजेची मागणी वाढेल तसं पाणी सुटतं, त्यामुळे वरच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये खाली वाहणारा प्रवाह दिवसाच्या वेळेनुसार कमीजास्त होतो. गोड पाणी हलकं, ते वर तरंगतं. खालून खारं पाणी आत शिरत असतानाही वरचा थर बाहेर जाताना मी कित्येकदा पाहिला आहे. म्हणून वरच्या टप्प्यात भरतीची मदत निम्मीच धरा.

ओढ खरोखर वळली की नाही हे डोळ्यांनी बघायचं. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर नांगरलेल्या होड्या असतात. सुकतीत सगळ्यांची नाकं चिपळूणकडे, दोर ताठ. मग दोर सैल पडतात, होड्या कशाही तिरक्या होतात, एखादी वाऱ्याकडे तोंड करते. किनाऱ्याजवळच्या होड्या आधी फिरतात, मधल्या नंतर, कारण काठाला पाणी आधी वळतं. धक्क्याच्या खांबाला लागून पाण्याची जी बारीक मिशी निघते ती आधी पुसट होते, मग नाहीशी होते, आणि मग दुसऱ्या बाजूला दिसायला लागते. ती दुसऱ्या बाजूला दिसली की होडी सोडायची. दाभोळ-धोपावे फेरीबोटही छान खूण आहे : ती समोरच्या धक्क्यावर नाक न धरता तिरकी चालत असेल तर पाणी जोरात आहे, आणि जितकी तिरकी तितकी ओढ जास्त.

ओढ मोजायचीही सोपी रीत आहे. काठावर तीस मीटर अंतरावर दोन खुणा धरा, नारळाचं सोडण पाण्यात टाका आणि घड्याळ लावा. एका मिनिटात पार झालं तर ताशी १.८ किलोमीटर, अर्ध्या मिनिटात झालं तर ३.६. सोडण घ्यायचं कारण ते जवळजवळ बुडून चालतं, वारा त्याला ढकलत नाही. रिकामी बाटली वाऱ्याने पळते आणि खोटं सांगते.

पातळीसाठी बाराव्या हिश्शाचा नियम पाठ ठेवा. समजा त्या दिवशी ओहोटी ०.६ मीटर आणि भरती २.४. फरक १.८ मीटर, त्याचा बारावा हिस्सा १५ सेंटिमीटर. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्ध्या खाडीचं पाणी हलतं, आणि ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त. अरुंद वळणं, पूल, जगबुडीचा संगम, नांगरलेल्या बार्जेस असलं काही त्या दोन तासांत समोर येणार असेल तर वेळापत्रक बदला.

वळणावर पाण्याबरोबर असाल तर बाहेरच्या अंगाने जा, तिथे खोल आणि जलद. पाण्याविरुद्ध असाल तर आतल्या अंगाने, काठाला धरून. नकाशावर खोली दाखवलेली असली तरी विसंबू नका. वाळू उपसल्याने तळ बदलत राहतो, कालची वाट आज उथळ निघते. स्थानिक तांडेलाला विचारणं हा एकच खात्रीचा उपाय, आणि ते सांगतातही आनंदाने.

जाळी, खांब, मगरी

खाडीत सगळ्यात वाईट धोका मला विचाराल तर डोल आणि बोक्शी जाळ्यांचे खांब. ही जाळी ओढीवरच चालतात, म्हणून जिथे ओढ सर्वांत जास्त तिथेच ती लावलेली असतात. होडी आडवी होऊन खांबाला किंवा नांगरलेल्या बोटीच्या दोराला टेकली की पाणी वरच्या बाजूने आत चढायला बघतं. माणूस साहजिकच खांबापासून दूर झुकतो आणि होडी उलटते. झुकायचं ते खांबाकडे. सगळ्यांनी, एकदम. हे निघण्याआधी धक्क्यावर बोलून ठेवा, वेळेवर सांगायला सवड नसते. आणि खांब दिसला की शंभर मीटर आधीच वाट बदला. होडीचं नाक तिरकं करून पाणी कापत बाजूला सरका. आपण नक्की सरकतोय का हे कळायला किनाऱ्यावरची दोन ठिकाणं एका रेषेत धरा, जवळचं झाड आणि मागचं देवळाचं शिखर. दोन्ही एकाच रेषेत राहिली तर तुम्ही जागेवर आहात, झाड मागे सरकलं तर पाणी तुम्हाला नेतं आहे.

नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या नाकाकडून टाका, कधीच मागून नाही. दोर भरतीच्या खोलीच्या पाचपट तरी हवा.

मालदोलीपासून वर मगरी आहेत. थंडीत सकाळी त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. लोक त्या बघायला मुद्दाम येतात. त्या टप्प्यात हात-पाय पाण्यात सोडायचे नाहीत, कांदळवनाच्या आत घुसायचं नाही, चिखलावर उतरायचं नाही, हवा भरायची होडी तर आणायचीच नाही. लघवीसाठी, जेवणासाठी, दुरुस्तीसाठी उतरायचं ते धक्क्यावरच. आणि ओहोटीला निम्म्या धक्क्यांच्या पायऱ्यांपुढे गुडघाभर चिखल असतो, तेव्हा कुठला धक्का किती पाण्यापर्यंत चालतो हे गावात विचारून टिपून ठेवा.

या टिपणातच परतीच्या वेळा लिहायच्या. आमच्याकडे एका पुठ्ठ्यावर प्लास्टिकमध्ये असं असतं : दहाला दाभोळ. एकपर्यंत परचुरीच्या आसपास नसलो तर तिथेच थांबायचं आणि फोन करून गाडी मागवायची. साडेतीनपर्यंत मालदोलीच्या वर नसलो तर पुढे जायचं नाही. हे आकडे आदल्या रात्री, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना ठरवलेले असतात. होडीत बसून ते बदलायला कुणालाच परवानगी नाही, मलासुद्धा.

निघण्याआधी

आदल्या दिवशी हवामान खात्याचा किनारपट्टीचा अंदाज बघा, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा लाटांचा इशारा. बाहेर लांबच्या वादळाची फुगी, म्हणजे तिथून आलेल्या लांबट लाटा असतील तर मुखाकडे जाऊच नका. सागरी पोलीस ठाण्यात नावं, होडीचा रंग आणि पोचण्याची वेळ सांगून जा. होडीची नोंदणी, परवाना यांबद्दल बंदर कार्यालयात विचारा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. खाडीच्या काही वळणांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून किनाऱ्यावरच्या एका माणसाला वेळ बांधून द्या : सहापर्यंत फोन नाही आला तर तू फोन करायचास. लाइफ जॅकेट अंगावर, बांधलेलं. पाणी माणशी चार लिटर, उन्हाची टोपी, शिटी, पाणी उपसायला डबा, एक जास्तीचं वल्हं.

जून ते सप्टेंबर हा विचार मनातही आणू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी आणि दर्यासाठीही. वाशिष्ठीचं पावसाळ्यातलं पाणी काय असतं ते २२ जुलै २०२१ ला चिपळूणने पाहिलं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, वरून सह्याद्रीचं पाणी येत होतं आणि खालून भरती ते उतरू देत नव्हती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला तरी खाडी निवळायला दसरा उजाडतो. आम्ही मार्गशीर्षापासून माघापर्यंतच जातो.

गोवळकोटला पोचलात की करंजेश्वरीच्या देवळाकडे जाण्याआधी दोन कामं. पहिलं, फोन : घरी आणि पोलीस ठाण्यात, पोचलो म्हणून. दुसरं, होडी. तुम्ही भरतीला पोचलेले आहात, म्हणजे रात्रीत पाणी मीटर-दीड मीटर उतरणार. दोर आखूड बांधलात तर मध्यरात्री होडी धक्क्याला टांगलेली सापडेल. दोर लांब ठेवा, नाळेला एक आणि मागे एक, शक्यतो धक्क्यापासून थोडं आत नांगरून. आणि खाली दगड कुठे आहेत ते धक्क्यावर बसलेल्या कुणालाही विचारा.